गाश्शो घरांचे छप्पर एवढे उंच का?

जपानमधले शिराकावा-गो (गिफु प्रांत) आणि शेजारचे गोकायामा (तोयामा प्रांत) इथली गवताने शाकारलेली शेतकरी घरे छायाचित्रांतून जगभर पोचली आहेत. या गाश्शो-झुकुरी घरांचे वर्णन बहुतेक वेळा बर्फापाशीच थांबते. इथे माणूस बुडेल एवढा बर्फ पडतो, म्हणून छपराचा उतार जवळजवळ ६० अंशांचा. ते खरेच आहे, पण बर्फ घसरायला नुसता उतार पुरतो. त्यासाठी आत तीन-चार थरांचा माळा कशाला हवा? तो माळा रेशीमकिड्यांसाठी आहे.

शोगावा नदीच्या या अरुंद खोऱ्यात भाताला सपाट जमीन फार थोडी. रोख पैसा यायचा तो रेशीम आणि सोरा (बंदुकीच्या दारूतला क्षार) यांतून. एडो काळात (१६०३-१८६८) रेशीम वाढत गेले, तसा माळाही वाढला. छप्पर चारही बाजूंनी उतरते केले असते, तर तिथे अंधारच राहिला असता. दोनच पाखी ठेवून दोन्ही टोकांना त्रिकोणी भिंती उभ्या केल्या, म्हणून खिडक्या काढता आल्या आणि किड्यांना उजेड-वारा मिळाला. शिराकावा-गोमधल्या ओगिमाची गावात बहुतेक घरांची ही टोके उत्तर-दक्षिण आहेत. त्यामुळे खोऱ्यातला वारा पाख्यांवर आडवा आदळत नाही, आणि ऊन दोन्ही पाख्यांना मिळते.

सोऱ्याचा कारखाना मात्र जमिनीखाली होता. चुलीजवळ खड्डा खणून त्यात माती, रेशीमकिड्यांची विष्ठा आणि रानटी झाडपाला थराथराने भरायचा, वरचेवर खालीवर करायचा आणि काही वर्षे कुजू द्यायचा. मग ती माती पाण्यात धुऊन ते पाणी आटवायचे. बंदुकीच्या दारूला लागणारा हा सोरा गोकायामातून कागा संस्थानाकडे जाई. आडबाजूचा मुलूख असल्याने गुपित राखणेही सोपे. गोकायामातल्या निशिआकाओ इथले इवासे घराणे या सोऱ्याच्या व्यवहारातले. त्यांचे पाच मजली घर बांधायला आठ वर्षे लागली म्हणतात. मेइजी काळात (१८६८-१९१२) परदेशी सोरा स्वस्तात येऊ लागला आणि हा धंदा बसला.

बांधणीतही असेच दोन भाग आहेत. खालचे खांब-तुळयांचे काम शेजारच्या हिदा भागातल्या कसबी सुतारांचे, तर छप्पर गावकऱ्यांचे. छपरात लोखंडी खिळा नाही. कैचीचे तिरपे वासे बुडाशी टोकदार तासून तुळईतल्या खाचेत नुसते टेकवलेले असतात, त्यामुळे वाऱ्यात छप्पर किंचित हलते पण मोडत नाही. सांधे गवती दोरांनी आणि ‘नेसो’ नावाच्या ओल्या फांद्यांनी बांधतात. फांदी वाळली की आवळते आणि गाठ आणखी घट्ट होते. डोंगरउतारावर बर्फाच्या भाराने बुडाशी वाकलेली झाडे शोधून त्यांच्याही तुळया करत. वाकडे लाकूड इतक्या हौसेने वापरलेले क्वचितच दिसते.

शाकारणी ३०-४० वर्षांनी येते. ‘युई’ या परतफेडीच्या श्रमातून शे-दोनशे माणसे जमतात आणि एक पाखे एक-दोन दिवसांत उरकतात. कोणाकडून किती मदत आली, याची नोंद घराघरांत ठेवली जाई.

१९३५ मध्ये जर्मन वास्तुविशारद ब्रूनो टाउट यांनी ही घरे पाहून त्यांच्या तर्कशुद्ध रचनेची वाखाणणी केली. तरी पडझड थांबली नाही. रेशीम संपले, तरुण शहरांकडे गेले. १९५०च्या दशकात सुरू झालेल्या मिबोरो धरणाखाली खोऱ्यातली काही गावे गेली, काही घरे उचलून दुसरीकडे नेली. त्यांतले एक १९६० मध्ये योकोहामाच्या सांकेइ-एन बागेत उभे राहिले. १९७१ मध्ये ओगिमाचीच्या रहिवाशांनी आपसांत ठरवले: विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, मोडायचे नाही. १९७६ मध्ये सरकारी संरक्षण मिळाले, आणि १९९५ मध्ये ओगिमाची आणि गोकायामातली आइनोकुरा व सुगानुमा ही तीन गावे युनेस्कोच्या यादीत गेली.

आगीची धास्ती कायम आहे. ओगिमाचीत घरांभोवती पाण्याचे फवारे बसवलेत आणि दर शरद ऋतूत सगळे एकदम सोडून पाहतात. पण चूल विझवूनही भागत नाही. जमिनीतल्या ‘इरोरी’ चुलीचा धूर फटीफटीतून माळ्यावर चढतो, गवत आणि दोर सुके राखतो आणि कीड लागू देत नाही. वापर बंद पडलेल्या घराचे गवत लवकर कुजते, म्हणून पर्यटकांसाठी उघडलेल्या काही घरांत आजही इरोरी पेटवतात.