नाट्यगृहातल्या ऑर्गनसाठी सरकारी निधी: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची वाट

संगीत नाटकाच्या साथीचा, पायाने भाता मारून वाजवायचा ऑर्गन (पायाचा ऑर्गन) गावच्या नाट्यगृहात कायमचा असावा, असं वाटणाऱ्या खान्देशातल्या नाट्यसंस्थांसाठी ही माहिती आहे. बालगंधर्वांचं लहानपणीचं गाण्याचं शिक्षण जळगावात झालं. त्या मुलखात नाट्यपदांना हे वाद्य मिळायलाच हवं.

सगळ्यात आधी नाट्यगृह कोणाच्या नावावर आहे ते पाहा. जळगाव-धुळ्यात महापालिकेचं असेल तर अर्ज आयुक्तांच्या नावे जातो, नंदुरबार, भुसावळ, चाळीसगावला नगरपरिषदेचं असेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे. नाट्यसंस्था फक्त मागणी करते. वाद्य नाट्यगृहाच्या मालकाच्या, म्हणजे पालिकेच्या, खात्यात जमा होतं. संस्थेने स्वतःसाठी मागितलं की फाइल 'खाजगी लाभ' या शेऱ्यावर परत येते.

दुसरी अडचण वाद्याच्या जातीची. परदेशातल्या संगीतगृहांत असतो तो पाइप ऑर्गन इमारतीतच बांधलेला असतो, म्हणून तो बांधकामासारखा मांडता येतो. आपला ऑर्गन चाकांवर ढकलून विंगेत नेता येतो, म्हणजे सरकारी भाषेत ती चल वस्तू. खासदार निधीत चल वस्तूंच्या खरेदीला मोजके अपवाद सोडले तर परवानगी नाही. आमदार निधी किंवा जिल्हा वार्षिक योजनेतून मागायचं असेल, तर लोकप्रतिनिधीचं पत्र घेण्याआधी जिल्हा नियोजन कार्यालयात अनुज्ञेय (परवानगी असलेल्या) कामांची यादी बघून या. पत्र आधी आणि यादी नंतर, असं झालं की सहा-सहा महिने वाया जातात.

आमच्या मते सर्वांत खात्रीची वाट खरेदीची नाहीच. पायाच्या ऑर्गनचं नवं उत्पादन आता जवळपास थांबलं आहे. मिळतात ते जुनेच. जुनी वस्तू निविदेने विकत घेणं लेखापरीक्षणात अडकतं. त्यामुळे एखाद्या घरातला, चर्चमधला किंवा जुन्या नाटक कंपनीचा ऑर्गन देणगी म्हणून मालकसंस्थेला मिळवून द्या आणि निधी फक्त दुरुस्तीसाठी, नाट्यगृहाच्या देखभाल-दुरुस्ती शीर्षाखाली मागा. देणगीपत्र बिनशर्त असावं. 'वर्षातून एक प्रयोग मोफत' अशी एक ओळ घातली तरी देणगी स्वीकारण्याचा ठराव लांबतो.

अंदाजपत्रक इथेच फसतं. बांधकाम खात्याच्या दरसूचीत ऑर्गनचा दर नसतो, म्हणून अभियंता तांत्रिक मान्यता देत नाही. त्यावर उपाय म्हणजे वाद्य कारागिरांची तीन स्वतंत्र दरपत्रकं, तिन्हींत कामाच्या बाबी एकाच क्रमाने. 'ऑर्गन दुरुस्ती, एक नग' असं लिहू नका. भात्याचं कापड बदलणं, झडपांचं चामडं व फेल्ट, पायपट्ट्यांचे पट्टे, 61 पट्ट्यांची समपातळी, सुरांची सफाई व जुळवणी, खटके, चाकं, झाकणाचं कुलूप, वाहतूक, असं सुटं लिहा. दरपत्रकं मागवण्याआधी वाद्य उघडून बघा. पट्टी न दाबता सूर वाजत राहत असेल तर झडपेखाली कचरा असतो किंवा हवापेटीच्या लाकडाला चीर असते. कचऱ्याचं काम तासाभराचं, चिरेचं काही आठवड्यांचं. दरात मोठा फरक पडतो. आतली सुराची पितळी पट्टी (रीड) टोकाकडे खरवडली की सूर चढतो, बुडाकडे खरवडली की उतरतो. जास्त खरवडली की ती कायमची कमजोर होते. म्हणून सगळे सूर आजच्या स्वरमानाला आणण्याचं काम अनुभवी माणसाच्याच नावे धरा.

संस्थेची कागदपत्रं: 1860 च्या कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र, 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालची नोंदणी, घटना, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, पॅन, कार्यकारिणीचा ठराव आणि पी.टी.आर. उतारा (धर्मादाय कार्यालयातल्या सार्वजनिक विश्वस्त नोंदवहीचा उतारा). अडतं ते या उताऱ्यावर. निवडणूक होऊन नवे अध्यक्ष सही करतात, पण नवी नावं नोंदवण्याचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात प्रलंबित असतो आणि उताऱ्यावर जुनीच नावं असतात. सही जुळली नाही की प्रस्ताव थांबतो. उतारा ताजा काढूनच पुढे जा.

वेळ सांभाळा. पालिकेचं पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरतं, त्यामुळे मागणी नोव्हेंबरपर्यंत आवक क्रमांकासह पोचलेली हवी. आचारसंहिता लागली की नवी प्रशासकीय मान्यता मिळत नाही.

केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या इमारत अनुदान योजनेत महानगरांबाहेर 25 लाखांपर्यंत रक्कम आहे, पण ती सभागृह, तालीमघर, विद्युत सोय, वातानुकूलन, ध्वनिरचना, ध्वनी व प्रकाशव्यवस्था यांसाठी. वाद्य त्यात घुसवू नका. सभागृहाचा घुमारा सुधारण्यासाठी मात्र जरूर मागा. अशा अनुदानासाठी एनजीओ दर्पण (स्वयंसेवी संस्थांची केंद्र सरकारची ऑनलाइन नोंदणी) क्रमांक लागतो आणि खर्चानंतर उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं.

काम संपल्यावर वाद्याची नोंद मालकसंस्थेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) झाली का ते पाहून नोंदीची प्रत घ्या. नोंद नसेल तर पुढच्या दुरुस्तीला पैसे मंजूर होत नाहीत. आणि खान्देशच्या उन्हाळ्याचा विचार अर्जातच असू द्या: पारा 45 अंशांवर गेला की लाकूड आकसतं, कार्यक्रमापुरता एसी लावला की पुन्हा हालतं, पावसाळ्यात फुगून पट्ट्या अडकतात. त्यासाठी जाड सुती आवरण, भिंतीपासून हातभर लांब, वाळवीपासून उंच अशी जागा आणि वर्षाला दोन तपासण्या, एक जूनआधी, एक दिवाळीच्या सुमारास, यांचा खर्च वेगळ्या बाबीत दाखवा.