गाडी बसते की उठत नाही?

रात्री सरळ उभी केलेली मोठी सेडान सकाळी एका बाजूने टायरवर टेकलेली दिसते. मालक गॅरेजला फोन करतो आणि गाडी न बघताच उत्तर मिळतं, "कॉम्प्रेसर गेला." कॉम्प्रेसर, म्हणजे सस्पेन्शनमध्ये हवा भरणारा पंप, बदलतात, गाडी उठते, बिल भरलं जातं. काही महिन्यांनी गाडी पुन्हा बसलेली असते आणि आता नवा कॉम्प्रेसरही जळालेला असतो. मग "या गाड्या पांढरे हत्तीच" असा निकाल लागतो आणि चांगली गाडी मातीमोल भावाने जाते. जुन्या एअर सस्पेन्शनबद्दल (पोलादी स्प्रिंगऐवजी हवेने भरलेल्या रबरी एअर स्प्रिंगांवर गाडी तोलणारी व्यवस्था) मी ऐकलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच याच रस्त्याने गेलेल्या आहेत. मूळ चूक एकच: गळका एअर स्प्रिंग आणि थकलेला कॉम्प्रेसर ही दोन दुखणी एकच धरली जातात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

हा प्रश्न ज्या गाड्यांचा, त्या आज जुन्या झालेल्या आहेत. १९९८ साली आलेल्या मर्सिडीझ एस-क्लासमध्ये (डब्ल्यू२२०) एअरमॅटिक हे कंपनीचं एअर सस्पेन्शन होतं. २००२ साली ऑडी ए८ आणि फोक्सवॅगन फेटन आल्या, २००३ साली जॅग्वारची अॅल्युमिनियम बॉडीची एक्सजे रस्त्यावर आली. या सगळ्या चारही चाकांवर हवेवर उभ्या. बीएमडब्ल्यूने २००८च्या सेव्हन सिरीजच्या लांब आवृत्तीत हवा फक्त मागे ठेवली. कंपनी कुठलीही असो, मांडणी थोड्याफार फरकाने सारखीच आहे.

कॉम्प्रेसर काय करतो हे वेगळं सांगायला नको. बॅटरीवर चालणारी मोटर, पिस्टन, आणि हवेतला ओलावा शोषणारा ड्रायर. तिथून हवा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये (सगळ्या कोपऱ्यांचे व्हॉल्व्ह एकत्र असलेला भाग) आणि पुढे नळ्यांतून चार कोपऱ्यांत जाते. प्रत्येक कोपऱ्यात रबराचा बेलो, म्हणजेच एअर स्प्रिंग, त्यालाच गॅरेजमध्ये एअर बॅग म्हणतात. चाकांजवळचे हाइट सेन्सर उंची मोजतात आणि कंट्रोल युनिट त्यावरून हवा भरतं किंवा सोडतं. एवढं पुरे.

आता ज्यावर सगळं अडतं ती गोष्ट. गाडी बंद करून उभी असते तेव्हा कॉम्प्रेसरचं काही काम नसतं. प्रत्येक कोपऱ्याचा व्हॉल्व्ह बंद असतो आणि हवा त्या बेलोमध्ये कोंडलेली असते. गाडी तोलून धरते ती ही कोंडलेली हवा. व्हॉल्व्ह ब्लॉक वेगळा असलेल्या गाडीतून कॉम्प्रेसर काढून बाकावर ठेवला, तरी निरोगी गाडी सकाळी तितकीच उंच असायला हवी. म्हणजे उभ्या उभ्या गाडी खाली आली, तर हवा कुठून तरी बाहेर गेली आहे. कॉम्प्रेसर कितीही मेलेला असो, तो गाडी खाली बसवू शकत नाही. तो फक्त तिला उठवायचं थांबवू शकतो.

म्हणून गॅरेजने पहिला प्रश्न हा विचारायला हवा: गाडी बसते की उठत नाही? उभी असताना खाली जाते, तर गळती शोधा. उंची टिकवते, पण चार माणसं आणि सामान चढल्यावर खाली गेलेली वर येत नाही, किंवा उंची वाढवायचं बटण दाबून काही होत नाही, तर हवा पुरवणारी बाजू तपासा. मालकाने हे एक वाक्य नीट सांगितलं, तरी निम्मी तपासणी झालेली असते.

मग गोंधळ का होतो? कारण बहुतेक मालक गाडी आणतात तेव्हा ती बसलेलीही असते आणि उठतही नसते. दोन्ही खरं असतं, पण एका क्रमाने घडलेलं असतं. बेलोचं रबर त्याच्या तळाच्या पिस्टनवर (हा कॉम्प्रेसरमधला पिस्टन नव्हे) दुमडलेलं असतं आणि चाक वर-खाली झालं की ती घडी सरकत राहते. वर्षानुवर्षं त्याच पट्ट्यात वाकून रबराला बारीक चिरा पडतात. सुरुवातीची गळती इतकी हळू असते की नजरेला काहीच दिसत नाही. सकाळी गाडी सुरू केली की कॉम्प्रेसर पूर्वीपेक्षा जरा जास्त वेळ घुरघुरतो, बस. हाच पहिला इशारा आणि तोच सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो. हा कॉम्प्रेसर थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला आहे. त्याला रोज लांब पळवलं की तो तापतो, पिस्टनची रिंग झिजते, ड्रायर ओलाव्याने भरतो, रिलेचे, म्हणजे मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट जळतात. कधी रिले चिकटून बसतो आणि मोटर जळेपर्यंत चालूच राहते. गळतीने कॉम्प्रेसर मारलेला असतो. मारेकरी तसाच ठेवून नवा कॉम्प्रेसर बसवला, तर त्याचंही तेच होणार.

यात स्कॅनर, म्हणजे कंट्रोल युनिटमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, आगीत तेल ओततो. कंट्रोल युनिटला हवा दिसत नाही. मी मोटर चालवली आणि ठरलेल्या वेळात उंची वाढली नाही, एवढंच त्याला कळतं. म्हणून कोड येतो तो उंची न गाठल्याचा किंवा दाब न वाढल्याचा, आणि तो वाचणारा थेट कॉम्प्रेसरवर बोट ठेवतो. फाटका बेलो आणि मेलेला कॉम्प्रेसर दोन्ही तोच कोड देऊ शकतात. नुसत्या स्कॅनरच्या कागदावर कॉम्प्रेसर बदलायला सांगणाऱ्याला मी गाडी देणार नाही, मग तो कितीही मोठा तज्ज्ञ असो.

गळती कुठल्या कोपऱ्यात आहे हे घरी तपासता येतं. गाडी सपाट जागी, नेहमीच्या उंचीवर उभी करा. चारही चाकांवर मडगार्डच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा त्यात घोळ घालते. त्यानंतरची गोष्ट बहुतेक जण करत नाहीत, आणि तीच महत्त्वाची आहे: सस्पेन्शनचा फ्यूज काढा. काही गाड्यांत कंट्रोल युनिट बंद गाडीतही अधूनमधून जागं होतं आणि गाडी समतल दिसावी म्हणून चांगल्या कोपऱ्यांची हवा सोडून त्यांना गळक्या कोपऱ्याच्या पातळीवर आणतं. सकाळी चारही बाजू बसलेल्या दिसतात आणि मेकॅनिक म्हणतो, चारही कोपरे एकदम कसे जातील, म्हणजे कॉम्प्रेसरच. फ्यूज काढलेला असला की जो गळतो तो एकटा खाली जातो आणि लगेच ओळखू येतो. सकाळी मोजमाप झालं की फ्यूज परत लावा. तो काढलेला असताना गाडी चालवू नका.

थोडीशी घट दिसली तर घाबरू नका. रात्रीत तापमान ३० अंशांवरून १५ अंशांवर आलं, तर त्याच दाबाखाली हवेचं आकारमान सुमारे ५ टक्क्यांनी कमी होतं, त्यामुळे चारही कोपरे सारखेच किंचित खाली येतात. कित्येक आठवडे न हललेली गाडी थोडी बसणंही समजण्यासारखं आहे. संशय घ्यायचा तो एकट्या कोपऱ्याच्या किंवा एका रात्रीतल्या ठळक घसरणीचा.

कोपरा सापडला की साबणाचं पाणी. गाडी सगळ्यात वरच्या उंचीवर घ्या, कारण चिरा घडीत लपलेल्या असतात आणि खालच्या उंचीवर दिसत नाहीत. बेलोच्या घडीवर, वरच्या टोकाला आणि नळीच्या जोडावर फेस लावा. नळीचा जोड गळत असेल तर काम अगदी किरकोळ असतं, म्हणून बेलो मागवण्याआधी तो बघाच. आणि हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरू नका, मडगार्ड आणि टायरच्या मध्ये हातही घालू नका. गाडी जॅक मोडमध्ये टाका (म्हणजे ती आपोआप हवा भरणं-सोडणं थांबवते), उचला, स्टँड लावा, मगच हात आत.

एका ठिकाणी हे चित्र थोडं गढूळ होतं. कोपरा बसतो, पण बेलोवर, जोडावर कुठेच बुडबुडे नाहीत. तेव्हा व्हॉल्व्ह ब्लॉककडे बघा. ड्रायरमधले दाणे वयाने भुगा होतात, ती पूड नळ्यांतून येऊन व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकते आणि व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही. हवा उलटी जाते आणि कॉम्प्रेसरच्या एक्झॉस्टमधून बाहेर पडते. इथेही कॉम्प्रेसरने गाडी बसवलेली नाही, पण कॉम्प्रेसरबरोबर असलेला ड्रायर त्याला जबाबदार आहे. ब्लॉकवर दोन कोपऱ्यांच्या नळ्या अदलाबदल करून बघितल्या, तर खात्री होते: बसणारा कोपरा बदलला तर दोष ब्लॉकचा, तोच राहिला तर बेलोचा किंवा नळीचा. तपासून झालं की नळ्या जागच्या जागी लावा.

कॉम्प्रेसर खरंच गेला आहे हे ठरवायलाही अंदाज नको. आधी फ्यूज आणि रिले बघा. मोटर अजिबात वाजत नसेल तर दोष बऱ्याचदा तिथेच असतो. मोटर वाजत असेल, तर कॉम्प्रेसरच्या आउटलेटवर प्रेशर गेज लावून बंद नळीत किती दाब, किती वेळात तयार होतो ते त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलशी ताडून बघा. दाब झटपट चढला तर कॉम्प्रेसर निरोगी आहे आणि तुमचा शोध चुकीच्या जागी चालला आहे. दाब चढतच नसेल तर बहुधा रिंग गेली. मोटर ठीक आणि सिलेंडरवर ओरखडे नसतील, तर रिंग आणि ड्रायर बदलून केलेली दुरुस्ती मला पूर्ण मान्य आहे. मात्र कॉम्प्रेसर नवा असो की दुरुस्त केलेला, त्याच्याबरोबर रिले बदलायचाच. जुना रिले ठेवून नवा कॉम्प्रेसर लावणं हा निष्काळजीपणा आहे.

बाकीच्या गोंधळांना फार वेळ द्यायला नको. गाडी तिरकी उभी आहे, पण रात्रभर तशीच राहते, आणखी खाली जात नाही? हाइट सेन्सर किंवा त्याची छोटी दांडी बघा. आणि मर्सिडीझची एबीसी (अॅक्टिव्ह बॉडी कंट्रोल) ही एअरमॅटिक नव्हे. १९९९ साली सीएल कूपेबरोबर आलेली ती व्यवस्था तेलाच्या दाबावर चालते. तिच्यात पोलादी स्प्रिंग असतात, हवेचा बेलो नसतो. त्याच पिढीच्या एस-क्लासमध्ये दोन्ही प्रकार मिळत, त्यामुळे गाडीवर कुठला आहे हे कळल्याशिवाय पार्ट मागवू नका.

दोन्ही दुखणी एकदम असतील तर आधी गळती बंद करा, मग कॉम्प्रेसर. पैसे एकाच कामाचे असतील तर तेही गळतीवर घाला, कारण गळती थांबल्यावर थकलेला कॉम्प्रेसरही बराच काळ रेटून नेतो. बेलो एका बाजूचा फाटला असेल, तर दुसऱ्या बाजूचं रबरही तितकंच जुनं आहे. पुढचे दोन किंवा मागचे दोन जोडीने बदलावेत असं माझं मत आहे. कॉइल स्प्रिंग टाकून हवा काढून टाकण्याचा सल्ला मला पटत नाही. त्या गाडीचं बसणं, वळणं, खड्डा गिळणं सगळं हवेभोवती आखलेलं आहे. कॉइल घालून आणि डॅशबोर्डवरचा इशारा दाबून उरते ती नुसती जड गाडी.

नवे बेलो बसवून घेताना गॅरेजमध्ये स्वतः उभे राहा. हवा न भरलेल्या बेलोवर गाडीचं वजन टाकलं की घडी चुकीच्या जागी चिमटते आणि रबर पहिल्याच दिवशी दुखावतं. चाकं हवेत असतानाच स्कॅनरने बेलोमध्ये हवा भरून घ्यायची, घडी सगळीकडून सारखी बसली आहे हे बघायचं, आणि मगच जॅक खाली सोडायचा. त्या रात्री पुन्हा फ्यूज काढून चारही कोपरे मोजा. सकाळचे आकडे रात्रीच्या आकड्यांशी जुळले, तरच काम झालं असं धरा.