ग्रूटबूममध्ये ‘मिनिमम कोर’ शोधू नका

सामाजिक-आर्थिक हक्कांवरच्या विद्यार्थी लेखन स्पर्धेच्या एन्ट्रीज वाचायला घेतल्या की एक वाक्य हमखास भेटतं: ‘ग्रूटबूम खटल्यात दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने घराच्या हक्काचा मिनिमम कोर मान्य केला.’ (मिनिमम कोर म्हणजे हक्काचा किमान गाभा, राज्यसंस्थेने सर्वांत आधी पुरवायचा भाग.) नाही केला. नाकारला, आणि कारणं देऊन नाकारला. असं वाक्य लिहिणाऱ्याने जजमेंट उघडलेलं नसतं, कुणाच्या तरी नोट्स उघडलेल्या असतात.

भारतीय राज्यघटनेचं कलम 21 (जगण्याचा हक्क), मार्गदर्शक तत्त्वं वगैरे तुम्हाला पाठ आहे, ते सोडून देऊ. मिनिमम कोर आणि रिझनेबलनेस (सरकारचं धोरण वाजवी आहे का, ही कसोटी) यांच्यातले वरवरचे फरकही झटपट संपतात. कोर ही संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्क समितीची कल्पना, 1990 च्या जनरल कॉमेंट 3 (करारातल्या हक्कांचा अर्थ सांगणारं समितीचं टिपण) च्या परिच्छेद 10 मधली. रिझनेबलनेसची कसोटी ग्रूटबूममध्ये 2000 साली न्या. याकूब यांनी मांडली, घराच्या हक्कासाठी उपलब्ध साधनांत, टप्प्याटप्प्याने वाजवी उपाय करा असं सांगणाऱ्या तिथल्या राज्यघटनेच्या कलम 26(2) च्या आधारे. एवढ्यावर दीड पान घालवू नका.

घोळ होतो तो कसोटी नेमकं काय तपासते इथे. मिनिमम कोर माणसाच्या हातात काय पडलं ते बघतो. अन्न, प्राथमिक आरोग्यसेवा, निवारा, अगदी मूलभूत शिक्षण यांपासून लक्षणीय संख्येने लोक वंचित असतील, तर सकृद्दर्शनी राज्यसंस्था कर्तव्यात कमी पडली. पैसे नव्हते असं म्हणायचं असेल, तर हाताशी असलेली सगळी साधनं आधी याच कामाला लावायचा पुरेपूर प्रयत्न केला, हे तिनेच दाखवायचं. रिझनेबलनेस सरकारची योजना बघतो. ती सुसूत्र आहे का, तिच्यामागे पैसा आणि माणसं आहेत का, ज्यांची गरज सर्वांत निकडीची आहे ते तिच्यातून सुटले तर नाहीत ना? आणि योजना अवाजवी आहे हे पटवून द्यायचं ओझं मुख्यतः पिटिशनरवर.

त्या ‘निकडीची गरज’पाशीच मंडळी घसरतात. ग्रूटबूम खटल्यातल्या केप टाउनजवळच्या वॉलेसडीनमध्ये 390 मोठी माणसं आणि 510 मुलं झोपड्या पाडल्यानंतर खेळाच्या मैदानावर प्लास्टिकखाली राहत होती. डोक्यावर छप्परच नसलेल्यांसाठी गृहनिर्माण कार्यक्रमात तरतूद नाही, म्हणून कोर्टाने तो कार्यक्रम अपुरा ठरवला. एवढं वाचलं की वाटतं, झाला की मिनिमम कोर! पण परिच्छेद 99 मधला आदेश बघा. तो घोषणात्मक आहे: कार्यक्रमात, उपलब्ध साधनांच्या मर्यादेत, अशा लोकांना दिलासा देणारे वाजवी उपाय असले पाहिजेत. अमक्याला अमुक मुदतीत निवारा द्या, असं त्यात कुठेही नाही. योजनेत तरतूद झाली म्हणून हातात किल्ली येत नाही. आयरीन ग्रूटबूम 2008 मध्ये वारल्या, तेव्हाही त्या झोपडीतच राहत होत्या.

हाच फरक आकड्यांत दाखवायचा तर दक्षिण आफ्रिकेतलाच, पाण्याच्या हक्काचा माझिबुको खटला घ्या. या मुद्द्याला तो ग्रूटबूमपेक्षा कितीतरी उपयोगी, तरी विद्यार्थी तो का टाळतात कळत नाही. सोवेटोतल्या फिरी वस्तीत जोहान्सबर्ग शहर दर जोडणीला महिन्याला 6 किलोलिटर पाणी फुकट देत होतं. पुढचं पाणी प्रीपेड मीटरवर, पैसे भरले तर. 6,000 लिटर भागिले 30, म्हणजे दिवसाला 200. आठ माणसं धरली तर माणशी 25 लिटर, आणि एकाच आवारात सोळा जण असले तर साडेबारा. हायकोर्टाने माणशी 50 लिटर ठरवले, सुप्रीम कोर्ट ऑफ अपीलने 42. घटना न्यायालयाने 2009 मध्ये आकडा ठरवायलाच नकार दिला, धोरण वाजवी आहे का तेवढं तपासलं, आणि ते वाजवी ठरवलं. खालची दोन कोर्टं ‘किती?’ विचारत होती, वरचं ‘कसं ठरवलंत?’

आता दुसऱ्या टोकाला जाऊन ‘कोर्टाने कोर कायमचा फेटाळला’ असंही लिहू नका. पुरेशी माहिती समोर असेल तर वाजवीपणा ठरवताना कोर विचारात घेता येईल, एवढी फट ग्रूटबूममध्ये आणि 2002 च्या ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन (एचआयव्हीवरच्या औषधाचा खटला) निकालात ठेवली आहे. स्वतंत्र हक्क म्हणून तो मागता येत नाही, इतकंच.

आपल्या सुप्रीम कोर्टातल्या, फूटपाथवर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस खटल्याला कोरच्या पंगतीला बसवणं ही आणखी एक डोकेदुखी. 1985 च्या त्या निकालाने उपजीविका कलम 21 मध्ये आणली खरी, पण मुंबईच्या फूटपाथवरून लोकांना हटवायला शेवटी परवानगीच दिली. फक्त पावसाळा सरून महिना होईपर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबरपर्यंत थांबायला सांगितलं. भारतातून कोरच्या जवळ जाणारं काही हवंच असेल तर पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज) या संघटनेच्या अन्नहक्क खटल्यातला 28 नोव्हेंबर 2001 चा अंतरिम आदेश घ्या: शाळेत शिजवलेलं जेवण, किमान 300 कॅलरी, 8 ते 12 ग्रॅम प्रथिनं, वर्षातून किमान 200 दिवस. इथे ‘किती?’ला उत्तर मिळतं. पण ते जनरल कॉमेंट 3 च्या नावावर खपवू नका. सरकारच्याच योजनांना कोर्टाने हक्काचं रूप दिलं होतं.

विषय शाळेचा असेल तर दक्षिण आफ्रिकेचं कलम 29(1)(अ) वेगळं काढा. मूलभूत शिक्षणाच्या या हक्काला ‘टप्प्याटप्प्याने’ आणि ‘उपलब्ध साधनांत’ या अटी जोडलेल्याच नाहीत, आणि 2011 च्या जुमा मस्जिद निकालात कोर्टाने तो तत्काळ लागू असल्याचं म्हटलं आहे. त्यावर ग्रूटबूमची कसोटी चिकटवू नका. आणि घरांच्या प्रश्नावर ग्रूटबूम देताना अख्ख्या जजमेंटचं सायटेशन ठोकू नका: कोरच्या चर्चेसाठी परिच्छेद 29 ते 33, रिझनेबलनेससाठी 39 ते 44.