गुंतवणुकीची सुरुवात

गुंतवणुकीची सुरुवात : खर्चातून मागे राहिलेला पैसा वाढावा म्हणून, थोडीफार अनिश्चितता पत्करून, तो पहिल्यांदा एखाद्या मालमत्तेत घालणे आणि त्यासाठी आधी करावी लागणारी तयारी. बचत आणि गुंतवणूक हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी येतात, पण त्यांचा अर्थ वेगळा आहे. बचतीत पैसा बाजूला ठेवला जातो आणि हवा तेव्हा जसाच्या तसा मिळावा एवढीच अपेक्षा असते. गुंतवणुकीत तो कुणाच्या तरी कामाला लागतो. सरकार तो कर्जाऊ घेते, कंपनी त्यातून कारखाना उभारते, भाडेकरू त्या पैशाने घेतलेले घर वापरतो, आणि त्या उत्पन्नातला वाटा पैसा देणाऱ्याकडे परत येतो. केवळ भाव चढेल या आशेवर केलेल्या खरेदीला सट्टा म्हणतात. दोन्हींमधली रेघ नेहमी ठळक नसते. तरी ‘हा पैसा नेमका कशातून वाढणार?’ या प्रश्नाला साध्या शब्दांत उत्तर देता येत नसेल, तर नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

आधीची तयारी

नवखा माणूस बहुधा ‘पैसे कशात घालू?’ इथून सुरुवात करतो. क्रमाने पाहिले तर हा प्रश्न शेवटचा आहे. डोक्यावर कोणते कर्ज आहे, उद्या अडचण आली तर हाताशी काय आहे आणि हा पैसा परत कधी लागणार आहे, हे आधी ठरावे लागते. ते ठरले की निम्मे पर्याय आपोआप गळून पडतात.

कर्जाचे गणित सोपे आहे. दरसाल दरशेकडा १८ व्याजाचे कर्ज फेडले की तेवढे व्याज खात्रीने वाचते. बिनजोखमीने १८ टक्के देणारी गुंतवणूक सहसा कुठेच मिळत नाही. क्रेडिट कार्डाची थकबाकी तशीच ठेवून शेअर घेणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे. घरकर्जासारख्या कमी व्याजाच्या आणि लांब मुदतीच्या कर्जाचे तसे नाही. त्याचे हप्ते चालू असतानाही गुंतवणूक करता येते.

अडीअडचणीचा निधी साधारणपणे तीन ते सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढा असावा असे मानतात. ज्यांचे उत्पन्न अनियमित आहे त्यांना तो अधिक लागतो. हा निधी बँकेच्या खात्यात किंवा लगेच मोडता येईल अशा ठेवीत ठेवायचा. त्यावर व्याज किती मिळते हे इथे दुय्यम आहे. बाजार कोसळतो तो काळ आणि नोकऱ्या जातात तो काळ पुष्कळदा एकच असतो. अशा वेळी हाताशी रोकड नसेल तर चांगली गुंतवणूकही पडत्या भावात विकावी लागते. ज्यांच्या मिळकतीवर घर चालते त्यांचा आजारपणाचा आणि आयुष्याचा विमाही याच तयारीत येतो. विमा आणि गुंतवणूक एकाच योजनेत विकली जाते तेव्हा किती पैसे कशासाठी गेले हे कळेनासे होते, म्हणून दोन्ही वेगळे घेणे सुरुवात करणाऱ्याला सोयीचे पडते.

मुदतीचा विचार त्यानंतर. वर्षभरात लागणारी फी आणि तीस वर्षांनी लागणारा निवृत्तीचा पैसा यांना एकच नियम लावता येत नाही. पाच वर्षांच्या आत लागणारी रक्कम शेअरमध्ये ठेवू नये हा ढोबळ पण उपयोगी नियम आहे.

चक्रवाढ आणि महागाई

सरळ व्याजात फक्त मुद्दलावर व्याज मिळते. चक्रवाढीत आधीच्या व्याजावरही व्याज मिळते. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण बचतीचे अचूक वर्णन करते, पण गुंतवणुकीला ती अपुरी पडते. इथे साचलेले पाणीच पुढे नवे पाणी आणू लागते. रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल याचा अंदाज ७२ ला व्याजदराने भागून मिळतो: ८ टक्क्यांनी सुमारे ९ वर्षे, ६ टक्क्यांनी १२. हा ठोकताळा जुना आहे. इटालियन गणिती लुका पाचोली याने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात तो दिलेला आहे.

लवकर सुरू करण्याचे महत्त्व एका हिशोबातून दिसते. एकीने २५व्या वाढदिवसापासून दरवर्षी १०,००० गुंतवले आणि ३४व्या वाढदिवसाला दहावा हप्ता भरून थांबली. दुसरीने ३५व्या वाढदिवसापासून ५९व्यापर्यंत सलग २५ वर्षे तेवढेच भरले. दोघींना वर्षाला ८ टक्के मिळाले असे धरले, तर साठाव्या वर्षी पहिलीकडे सुमारे १०.७ लाख जमतात आणि दुसरीकडे सुमारे ७.९ लाख. पहिलीने १ लाख घातले होते, दुसरीने अडीच लाख. प्रत्यक्षात परतावा इतका एकसारखा कधीच नसतो, पण वेळ काय करते ते यातून समजते. हा हिशोब वाचून चाळिशीतल्या वाचकाने खट्टू होण्याचे कारण नाही. त्याच्याकडेही निवृत्तीपर्यंत वीस वर्षे असतात आणि त्या वयात बहुधा दरमहा मागे टाकता येणारी रक्कमही मोठी असते.

७२ चा नियम उलट्या बाजूनेही चालतो. महागाई ६ टक्के असेल तर घरात ठेवलेल्या नोटांची खरेदीशक्ती १२ वर्षांत निम्मी होते. नोट तीच राहते, आकडाही तोच, म्हणून हा तोटा कुणाला जाणवत नाही. ठेवीवर ६ टक्के व्याज आणि महागाईही ६ टक्के असेल तर खरी वाढ शून्य, आणि व्याजावर कर बसत असेल तर ती शून्याच्याही खाली जाते. अनेक जण गुंतवणुकीला भितात, पण काहीच न करण्यातही जोखीम असते ती अशी.

जोखीम

शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा तुकडा. कंपनी चालली तर लाभांश (म्हणजे नफ्यातला वाटा) आणि भाववाढ, बुडाली तर शून्य. रोखे म्हणजे सरकारला किंवा कंपनीला दिलेले कर्ज. त्यांचे व्याज ठरलेले असते, पण बाजारातले व्याजदर चढले की जुन्या रोख्यांचा भाव उतरतो, ही गोष्ट नवख्यांना हमखास चकवते. बँकेतल्या ठेवींना अनेक देशांत ठरावीक मर्यादेपर्यंत विमासंरक्षण असते. सोने स्वतः काहीच उत्पन्न देत नाही. जानेवारी १९८० मध्ये ते औंसाला सुमारे ८५० डॉलरपर्यंत चढले आणि तो भाव पुन्हा दिसायला जानेवारी २००८ उजाडला.

‘दीर्घ मुदतीत शेअर वाढतातच’ हे वाक्य फार सैलपणे वापरले जाते. निर्देशांक म्हणजे निवडक कंपन्यांच्या शेअरभावांवरून बाजाराची पातळी दाखवणारा आकडा. अमेरिकेचा डाउ जोन्स निर्देशांक ३ सप्टेंबर १९२९ रोजी ३८१.१७ वर होता. ८ जुलै १९३२ रोजी तो ४१.२२ वर आला, म्हणजे सुमारे ८९ टक्के घसरण. जुनी उंची त्याने गाठली ती नोव्हेंबर १९५४ मध्ये. जपानचा निक्केई निर्देशांक १९८९च्या अखेरीस ३८,९१५ वर बंद झाला आणि त्यापुढे जायला त्याला फेब्रुवारी २०२४ पर्यंत थांबावे लागले. या आकड्यांत लाभांश धरलेला नाही, आणि वर्षानुवर्षे थोडे थोडे घेत गेलेल्याची अवस्था इतकी वाईट नसते. पण ज्याने सगळी रक्कम एका देशाच्या बाजारात ऐन शिखरावर घातली, त्याचे अर्धे आयुष्य वाट पाहण्यात गेले. ५० टक्के घसरलेली रक्कम पूर्ववत व्हायला १०० टक्के वाढ लागते, हेही सुरुवातीलाच कागदावर मांडून पाहावे.

विभागणी

शेअर बाजाराच्या आरंभीच एक नवखी गुंतवणूकदार भेटते. १६०२च्या ऑगस्टमध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचे भांडवल ॲमस्टरडॅममध्ये कंपनीचा एक संचालक डर्क फान ओस याच्या घरी गोळा केले जात होते. त्या नोंदवहीत बड्या व्यापाऱ्यांबरोबर त्याच घरात काम करणाऱ्या नेल्टखेन कॉर्नेलिस या मोलकरणीचेही नाव आहे. तिने १०० गिल्डर लावले. छोट्या माणसाला मोठ्या धंद्यात वाटा मिळण्याची सोय झाली, पण सगळी पुंजी एकाच कंपनीत अडकण्याचा धोकाही त्याच्या वाट्याला आला.

त्यावरचा तोडगा त्याच शहरात १७७४ साली निघाला. दोनच वर्षांपूर्वीच्या आर्थिक संकटाने हात पोळलेल्या लोकांसाठी आब्राहम फान केटविख या दलालाने अनेकांचे पैसे एकत्र करून वेगवेगळ्या देशांच्या रोख्यांत घालणारा निधी काढला. त्याचे नाव होते ‘एकीत बळ’ या अर्थाचे डच वाक्य. आजच्या म्युच्युअल फंडाचा हा पूर्वज. पैसा विभागण्याचे गणित अर्थतज्ज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ साली मांडले: मालमत्ता एकाच वेळी एकाच दिशेने हलत नसतील, तर त्यांच्या एकत्र संचाचे चढउतार प्रत्येकीच्या चढउतारांच्या सरासरीपेक्षा कमी होतात. या कामासाठी त्यांना १९९० मध्ये नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. दहा बँकांचे शेअर घेऊन विभागणी झाली असे समजणारे पुष्कळ असतात. एकाच कारणाने एकत्र पडणाऱ्या दहा गोष्टी या अर्थाने एकच गोष्ट असतात.

खर्च

परताव्यावर कुणाचाच ताबा नसतो. खर्चावर मात्र बऱ्यापैकी असतो, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते नवख्याने सर्वांत जास्त लक्ष इथे द्यावे. वर्षाला ७ टक्के वाढणारे १ लाख ३० वर्षांत सुमारे ७.६ लाख होतात. त्यातून दरवर्षी दीड टक्का शुल्कात गेला तर हाती सुमारे ५ लाख राहतात. ‘दीड टक्का’ ऐकायला किरकोळ वाटतो, पण अखेरच्या रकमेचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग त्याने खाल्लेला असतो. दलाली, प्रवेश आणि निर्गम शुल्क, वार्षिक व्यवस्थापन खर्च, कर हे सगळे यात धरायचे. फुकट सल्ला देणाऱ्याला विक्रीवर कमिशन मिळते का, हेही स्पष्ट विचारावे. विचारण्यात संकोच कसला?

कमी खर्चाच्या इंडेक्स फंडामागे हाच विचार आहे. हा फंड शेअरची निवड करत बसत नाही, निर्देशांकातले सगळे शेअर त्याच प्रमाणात घेतो. जॉन बोगल यांनी १९७६ साली सामान्य लोकांसाठी असा फंड आणला तेव्हा १५ कोटी डॉलर जमण्याची आशा होती; जमले १ कोटी १३ लाख. सरासरीवर कोण समाधान मानणार, अशी त्याची हेटाळणी झाली. पुढच्या दशकांत, खर्च वजा जाता, बहुतेक व्यवस्थापकांना निर्देशांकावर सातत्याने मात करता आली नाही. असा एखादा फंड आणि सोबत रोखे किंवा ठेवी, एवढ्यावर पहिली काही वर्षे नीट भागते.

मनाचा भाग

१७२० साली इंग्लंडमधल्या साउथ सी या व्यापारी कंपनीच्या शेअरमध्ये आयझॅक न्यूटनने आधी चांगला नफा काढून घेतला होता. भाव चढतच राहिले तसा तो पुन्हा शिरला, शिखराच्या आसपास, आणि मोठा तोटा सोसून बाहेर पडला. गणितात त्याच्याहून हुशार माणूस त्या काळी शोधून सापडला नसता. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवले की तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा तोट्याचे दुःख माणसाला बरेच जास्त होते. त्यामुळे पडत्या बाजारात घाबरून विकणे आणि तोट्यातला शेअर ‘भाव परत येईल’ म्हणून कवटाळून बसणे, या दोन्ही चुका एकाच माणसाकडून होऊ शकतात.

वारंवार खरेदी-विक्रीचेही मोजमाप झाले आहे. ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन यांनी १९९१ ते १९९६ या काळातली अमेरिकेतली ६६,४६५ कुटुंबांची खाती तपासली. सर्वांत जास्त उलाढाल करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के मिळाले. त्याच काळात बाजाराने १७.९ टक्के दिले होते.

म्हणून पगार हाती येताच ठरलेली रक्कम आपोआप गुंतवली जाण्याची सोय करतात. भाव उतरलेला असेल तेव्हा त्याच रकमेत जास्त हिस्से येतात, चढलेला असेल तेव्हा कमी. या पद्धतीने परतावा वाढतोच असे नाही. मोठी रक्कम हातात असेल आणि मुदत लांब असेल, तर ती एकदम गुंतवणे मागच्या आकड्यांनुसार अधिक वेळा फायद्याचे ठरले आहे. हप्त्यांचा गुण वेगळा: दर महिन्याला नव्याने निर्णय घ्यावा लागत नाही, आणि निर्णय जितके कमी तितकी घाईगर्दीची चूक कमी. कर्ज काढून शेअर घेणे किंवा फ्युचर्स-ऑप्शन्सचे (पुढच्या तारखेच्या खरेदी-विक्रीचे आधीच केलेले करार) व्यवहार यांतून मूळ रकमेहून जास्त तोटा होऊ शकतो, त्यामुळे सुरुवातीला त्यांपासून लांबच राहावे.

फसवणूक

१९२० साली बॉस्टनमध्ये चार्ल्स पॉन्झी ४५ दिवसांत ५० टक्के नफा देतो म्हणून सांगत होता आणि नव्यांचे पैसे जुन्यांना नफा म्हणून वाटत होता. इतका चढा आकडा आज बहुतेकांना खटकेल. डिसेंबर २००८ मध्ये अटक झालेल्या, लोकांचे पैसे गुंतवून देतो म्हणून हीच युक्ती करणाऱ्या अमेरिकेतल्या बर्नार्ड मॅडॉफचे प्रकरण जास्त शिकवणारे आहे. त्याने दाखवलेला परतावा अचाट नव्हता. तो बाजार चढो वा पडो, वर्षानुवर्षे जवळजवळ सारखाच येत होता, आणि तीच फसवणुकीची खूण होती. खात्यांवर दाखवलेले सुमारे ६५ अब्ज डॉलर बहुतांशी कागदावरच होते. फसलेल्यांत शिकलेसवरलेले लोक आणि धर्मादाय संस्थाही होत्या, तेव्हा फसणाऱ्याला मूर्ख ठरवणे अन्यायाचे आहे. पैसे देण्यापूर्वी त्या संस्थेची नोंदणी संबंधित देशाच्या नियामकाकडे (अशा संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेकडे) आहे का, हे नियामकाच्याच यादीत पाहावे, विक्रेत्याने दाखवलेल्या प्रमाणपत्रावर नव्हे. आणि पैसा सांभाळणारी संस्था गुंतवणुकीचे निर्णय घेणाऱ्यापेक्षा वेगळी आहे का, हेही विचारावे. मॅडॉफच्या बाबतीत ती वेगळी नव्हती.

नोंदी

प्रत्येक खात्याचा क्रमांक, रक्कम, तारीख आणि हेतू एका वहीत किंवा फाइलीत लिहून ठेवतात. वर्षातून एकदा प्रमाण पाहायचे: ६० टक्के शेअर ठरवले होते आणि ते वाढून ७० झाले असतील, तर नवे हप्ते काही काळ दुसरीकडे वळवायचे. वारसाचे नाव खाते उघडतानाच नोंदवावे आणि ती वही कुठे आहे हे घरातल्या एकाला तरी माहीत असावे. मालक गेल्यावर कुणी मागायलाच न आल्याने बेवारस पडून राहिलेल्या ठेवी आणि शेअर अनेक देशांत आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी अशा घरांच्या आहेत जिथे त्या पैशाची खरोखर गरज होती.