आवडतं गाणं वेगळं, पारखायचं गाणं वेगळं

नवीन हेडफोन घेताना "ओळखीचं गाणं लावून बघ" असं जो तो सांगतो. सल्ला बरोबर आहे, पण ओळखीचं म्हणजे आवडीचं असं धरून लोक आपलं लाडकं गाणं लावतात, अर्धा मिनिट मान डोलवतात आणि "क्लॅरिटी जबरदस्त" म्हणून मोकळे होतात. वैताग येतो.

आवडतं गाणं म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये. पाठ असतं, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत कानावर हेडफोन आहे हेच आपण विसरतो. ऐकायला मस्त, पारखायला बिनकामाचं.

पारखायच्या गाण्याची चाल ओळखीची असून भागत नाही, रेकॉर्डिंग ओळखीचं लागतं. चाल आणि शब्द तर फोनच्या टीचभर स्पीकरमधूनही पोचतात. रेकॉर्डिंग ओळखीचं म्हणजे गायिका कुठल्या ओळीआधी श्वास घेते, 'स' किती टोचतो, डग्ग्याची घुमारी किती वेळ रेंगाळते, झांज विरते की मधेच तुटते, हे माहीत असणं. आणि खरी गंमत इथे आहे, एकाच हेडफोनवर हजारदा ऐकून हे कळत नाही! कारण तुमच्या डोक्यात जे बसलंय ते नुसतं गाणं नसून गाणं अधिक तो जुना हेडफोन असं मिश्रण आहे. जुन्यात बास फुगवलेला असला तर नीट आवाज देणारा नवा हेडफोन तुम्हाला पातळ वाटणार, तुम्ही तो परत करणार, आणि जो भरदारपणा गाण्यात कधी नव्हताच तो शोधत फिरणार. मी स्वतः हे केलंय, चांगला हेडफोन परत करून बसलोय.

म्हणून तेच गाणं चार-पाच वेगवेगळ्या गोष्टींवर ऐका, गाडीत, इयरफोनवर, मित्राच्या स्पीकरवर. जे सगळीकडे तसंच राहतं ते गाण्याचं, जे बदलतं ते यंत्राचं. 'स' सगळीकडेच टोचत असेल तर हेडफोनला शिव्या घालू नका. बरं, ते गाणं मिक्स करणाऱ्यानेही कुठल्यातरी स्पीकरवर ऐकूनच ते ठरवलेलं असतं. म्हणजे गाणं स्पीकरवरून ठरतं आणि स्पीकर गाण्यावरून. ध्वनितज्ज्ञ फ्लॉइड टूल यांनी या प्रकाराला गोंधळाचं वर्तुळच म्हटलंय, त्यामुळे एका गाण्यावर निकाल देऊ नये, वेगवेगळ्या स्टुडिओतली चार-पाच तरी घ्यावीत.

माझी पसंती कमी वाद्यांच्या, एकट्या आवाजाच्या रेकॉर्डिंगला. माणसाचा आवाज बिघडला की कान लगेच पकडतो. एमपी३ घडवताना कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगाचं 'टॉम्स डायनर' परत परत ऐकलं ते त्यात नुसता गळा आहे म्हणूनच, तिथे लपायला जागा नसते. धूमधडाक्याच्या गाण्यात सगळं खपून जातं.

एमपी३ की फ्लॅक (म्हणजे आवाजातलं काहीही न गाळणारी फाइल)? चांगल्या बिटरेटचं, म्हणजे दर सेकंदाला पुरेसा डेटा असलेलं, काहीही चालेल, त्यात वेळ घालवू नका. मात्र रीमास्टर, म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगची नव्याने केलेली आवृत्ती, तपासा, नाव तेच असतं पण बऱ्याचदा आवाज चढवून हळू-मोठ्यातला फरक दाबलेला असतो. आणि तुलना करताना व्हॉल्यूम सारखा ठेवा, आवाज कमी असला की कानाला बास कमी ऐकू येतो हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच मोजून दाखवलंय, त्यामुळे जरा मोठा वाजणारा उगाचच भारी वाटतो. व्हॉल्यूम न जुळवता लिहिलेले रिव्ह्यू मी अर्ध्यात सोडतो.

स्पीकरचं एक वेगळं आहे. साधारण २००-३०० हर्ट्झच्या खाली, म्हणजे बासच्या भागात, तुम्ही स्पीकरइतकीच बसायची खोलीही ऐकत असता, हेडफोनला ती भानगड नाही. त्यामुळे बास कमी-जास्त वाटला तर आधी खुर्ची दोन फूट पुढे-मागे सरकवून तोच तुकडा परत लावा, बऱ्याचदा तिथेच उलगडा होतो.