काळ्या पट्ट्यांची पूर्वपीठिका

सुट्टीच्या रात्री आधी १९५०-६० च्या दशकातला एखादा भव्य युद्धपट लावावा आणि मग डोकं हलकं करायला जुनी विनोदी मालिका. युद्धपट सुरू असताना काळ्या पट्ट्या पडद्याच्या वर आणि खाली असतात. मालिका लागली की त्याच पट्ट्या डावी-उजवीकडे जाऊन द्वारपालांसारख्या उभ्या राहतात. बहुतेकांना आता याची सवय झाली आहे, तरी दर घरात एक माणूस असतोच जो रिमोट हातात घेऊन विचारतो, "पूर्ण पडदाभर करू का?" या साध्या प्रश्नामागे सुमारे सत्तर वर्षांची भांडणं आहेत, आणि त्यात सर्वांत जास्त मार या दोन प्रकारांनीच खाल्ला.

सुरुवातीच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मूकपटांपासून चौकट जवळपास ४:३ होती, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन. बोलपट आल्यावर फिल्मवर ध्वनीला जागा द्यावी लागली, आणि १९३२ मध्ये १.३७:१ हे माप पक्कं झालं. टीव्हीने साधारण हाच आकार उचलला. त्यामुळे १९३० किंवा १९४० च्या दशकातला युद्धपट जुन्या टीव्हीवर कडा किंचित जाण्यापलीकडे फारसा बिघडत नसे.

बिघाड १९५३ चा. लोक घरीच बसून फुकट टीव्ही पाहू लागले, तेव्हा घरात मावणार नाही असं काहीतरी थिएटरात दाखवायचं ठरलं, आणि सिनेमास्कोप आला. आधी २.५५:१, नंतर २.३५:१. त्यासाठी वापरलेली, चित्र आडवं दाबून फिल्मवर बसवणारी लेन्स एका फ्रेंच शास्त्रज्ञाच्या कामातून आली होती. पहिल्या महायुद्धात रणगाड्यातून बाहेरचा जास्त रुंद पट्टा दिसावा, या खटपटीत तिचं मूळ असल्याचं सांगतात. तसं असेल तर पुढे युद्धपटांनीच ती सर्वांत हौसेने वापरावी, हे साजेसंच झालं.

कारण युद्धाला रुंदी लागते. किनाऱ्यावर उतरणारी पलटण, वाळवंटातली उंटांची रांग, क्षितिजावरचा नौकांचा ताफा, सगळं आडवं असतं. विनोदाचं उलटं आहे. एक सोफा, एक दार, दारातून आत येणारा नको तो माणूस. आणि तो घसरून पडणार असेल तर त्याचे पाय दिसायला हवेत. विनोदाला उंची लागते. पुढची सगळी रडकथा या एका फरकातून निघते.

मोठ्या चित्रपट कंपन्या आधी टीव्हीला आपला माल द्यायलाच तयार नव्हत्या. १९५५-५६ च्या सुमारास जुने संग्रह विकले जाऊ लागले, पण ते मुख्यतः १९४८ च्या आधीचे, म्हणजे चौकोनी चौकटीतले. त्यात कापायचं काही नव्हतं. १९६१ च्या सप्टेंबरात एका अमेरिकन वाहिनीने शनिवार रात्रीचा चित्रपट सुरू केला तो १९५३ च्या सिनेमास्कोप चित्रपटाने, आणि कात्री चालू झाली. पाच वर्षांनी, सप्टेंबर १९६६ मध्ये, 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (१९५७) एकाच रात्रीत अख्खा दाखवला गेला. सुमारे ६ कोटी लोकांनी तो पाहिल्याचं मोजमाप आहे. गणित मांडलं तर २.५५:१ चं चित्र पट्ट्यांशिवाय ४:३ मध्ये बसवताना रुंदीतला जेमतेम ५२ टक्के भाग उरतो. म्हणजे तसं बसवलेल्या त्या पुलाकडे बघताना कुठल्याही क्षणी जवळजवळ निम्मी चौकट प्रेक्षकाच्या नजरेबाहेर.

या कापणीला पॅन अँड स्कॅन म्हणत. एक तंत्रज्ञ यंत्रापुढे बसून प्रत्येक दृश्यात कुठला अर्धा भाग ठेवायचा ते ठरवी. नकाशाच्या टेबलाच्या दोन टोकांना दोन अधिकारी उभे असतील तर त्याच्यापुढे तीन वाटा होत्या: एकालाच दाखवायचं, मधलं टेबल दाखवायचं, किंवा कॅमेरा या टोकाकडून त्या टोकाकडे सरकल्याचा आभास करायचा. मूळ दिग्दर्शकाने एका संथ, स्थिर चित्रात ठेवलेला ताण अशा वेळी टेनिसच्या सामन्यासारखा इकडून तिकडे जाई. त्या तंत्रज्ञांना दोष देण्यात अर्थ नाही. पागोटं मोठं आणि डोकं लहान असेल तर शिंप्याने तरी काय करावं!

यातली सर्वांत चमत्कारिक गत झाली ती 'मिडवे' (१९७६) सारख्या चित्रपटांची. त्यात दुसऱ्या महायुद्धातलं खरं चित्रीकरण जागोजागी वापरलं आहे. ते मुळात चौकोनी. रुंद पडद्यावर भरण्यासाठी आधी त्याचं डोकं आणि पाय कापले गेले, आणि मग तो रुंद चित्रपट टीव्हीसाठी कापताना उरलेल्याच्या दोन्ही बाजू. चौकोनातून निघालेलं चित्र पुन्हा चौकोनात आलं, मधल्या प्रवासात चहूबाजूंनी सोलून.

मग कॅसेट आली. १९७५-७६ मध्ये दोन प्रतिस्पर्धी पद्धती बाजारात उतरल्या, आणि १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की नंतर पाहण्यासाठी घरी कार्यक्रम टेप करणं हा कॉपीराइटचा भंग नाही. या निकालावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून इथे तो ओलांडून पुढे जातो. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की, कॅसेटने कापलेलं चित्र कायमचं केलं. टीव्हीवर एकदा दाखवून विसरली जाणारी प्रत आता कपाटात येऊन बसली, आणि एका पिढीसाठी तीच 'मूळ' ठरली.

पट्ट्या ठेवून संपूर्ण चित्र देण्याचा पर्याय होताच. लेटरबॉक्स म्हणजे तेच. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून लेझरडिस्क (डीव्हीडीच्या आधीची मोठी तबकडी) घेणारे दर्दी त्याचा आग्रह धरू लागले. एका दिग्दर्शकाने तर आपला रुंद, कृष्णधवल विनोदपट कॅसेटवरही न कापताच द्यायला लावला. पण सामान्य ग्राहकाची तक्रार अगदीच खोटी नव्हती. ४:३ च्या टीव्हीवर २.३५:१ चं चित्र लेटरबॉक्समध्ये दाखवलं तर पडद्याची उंची फक्त ५७ टक्के वापरली जाते; अमेरिकी पद्धतीच्या टीव्हीवर चित्र ज्या ४८० आडव्या रेषांनी बनतं, त्यांपैकी साधारण २७२ रेषांत सगळं युद्ध आटपायचं. त्यात कॅसेटचा धूसरपणा. लहान टीव्हीवर रणगाडा मुंगीएवढा दिसे. "आम्ही पूर्ण टीव्हीचे पैसे दिले, मग अर्धा काळा का?" हा प्रश्न विचारणारे सगळे अडाणी होते असं मानणाऱ्यांनी तेव्हाच्या टीव्हीवर लेटरबॉक्स पाहिलेला नसावा. (मी पाहिला आहे. तरी माझी बाजू पट्ट्यांचीच, हे इथेच सांगून टाकतो.)

खरा गुंता झाला तो शब्दांचा. डीव्हीडी जपानात १९९६ ला आणि अमेरिकेत १९९७ ला आली, आणि एकाच चित्रपटाच्या दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी विकायला लागल्या: 'वाइडस्क्रीन' आणि 'फुल स्क्रीन'. कधी तर एकाच तबकडीच्या दोन बाजूंना दोन्ही. 'फुल' म्हटलं की माणसाला पूर्ण वाटतं. इथे पूर्ण होता तो पडदा, चित्रपट नव्हे. सुरुवातीला झळकणारी 'हा चित्रपट आपल्या पडद्याला बसेल असा बदलला आहे' ही सूचना वाचूनही वेष्टनावरच्या 'फुल' या शब्दाचा प्रभाव ओसरत नसे. काळ्या पट्ट्यांनी चित्राचा भाग झाकला आहे आणि 'फुल' घेतलं की तो उघडा होईल, अशी समजूत असणारे लोक आजही भेटतात.

गंमत म्हणजे ही समजूत कधीकधी बरोबर असे. १९५० च्या दशकानंतरचे पुष्कळ चित्रपट, विशेषतः विनोदपट, साध्या १.३७:१ चौकटीत चित्रित होत आणि थिएटरात वर-खाली झाकून १.८५:१ मध्ये दाखवले जात. टीव्हीसाठी ते झाकण नुसतं काढून टाकलं की चित्र वर-खाली जास्त दिसे. याला ओपन मॅट म्हणतात. जास्त म्हणजे काय, तर छतावरून लोंबणारा मायक्रोफोन आणि नटाच्या चकचकीत बुटांऐवजी आरामाच्या सपाता! तेव्हा 'फुल स्क्रीन' या एकाच शिक्क्याखाली निम्मं कापलेला युद्धपटही विकला गेला आणि दिग्दर्शकाला नको असलेला भाग उघडा पाडणारा विनोदपटही. एका आवृत्तीत गरजेपेक्षा कमी, दुसरीत गरजेपेक्षा जास्त, आणि वेष्टनावर शब्द तोच. 'अ‍ॅनामॉर्फिक'चीही तीच कथा. थिएटरात तो शब्द आधी सांगितलेल्या, चित्र दाबणाऱ्या लेन्सचा होता. डीव्हीडीवर तो काळ्या पट्ट्यांत वाया जाणाऱ्या रेषा वाचवण्याची युक्ती सांगतो. तबकडीवर तो छापलेला असला म्हणजे चित्रपट तशा लेन्सने काढला होता असं अजिबात नाही.

आज घरोघरी असलेला १६:९ हा आकारही असाच तहातून निघाला. १९८० च्या दशकात एका अभियंत्याने ४:३ पासून २.३५:१ पर्यंतच्या प्रचलित मापांचे सारख्या क्षेत्रफळाचे आयत एकावर एक ठेवून पाहिले आणि सगळ्यांना सामावणारा आकार १.७७:१ च्या आसपास निघाला. टोकाच्या दोन मापांचा गुणोत्तर मध्यही तेवढाच येतो. हिशेब सुरेख आहे, पण तह म्हटला की कुणीच खूश नसतं. युद्धपटाच्या वर-खाली बारीक पट्ट्या राहिल्याच. आणि तोवर ज्यांना कधी पट्ट्या माहीतच नव्हत्या त्या विनोदी मालिका पहिल्यांदाच चौकटीत मावेनाशा झाल्या.

'मॅश' हे याचं चांगलं उदाहरण. कोरियन युद्धातल्या शस्त्रक्रिया-तंबूची हीच गोष्ट १९७० मध्ये चित्रपट म्हणून २.३५:१ मध्ये आली, आणि १९७२ ते १९८३ या काळात मालिका म्हणून ४:३ मध्ये. तंबू तोच, पण चित्रपटात मागे चार टेबलांवर चार शस्त्रक्रिया एकदम चाललेल्या दिसतात, आणि मालिकेत मुखवट्यावरचे दोन डोळे. या मालिकेत वाहिनीने हसण्याचा ध्वनी घालायला लावला. निर्मात्यांनी झगडून एवढंच मिळवलं की शस्त्रक्रियेच्या दृश्यांत कुणी हसणार नाही. ब्रिटनमध्ये ती मुख्यतः त्या हशाशिवायच दाखवली गेली, आणि पुढे डीव्हीडीवर हशा चालू ठेवायचा की बंद, हे प्रेक्षकाच्या हाती आलं. चौकटीच्या बाबतीत इतकी मोकळीक कुणी क्वचितच दिली.

मालिका कशावर चित्रित झाली, यावर तिचं पुढचं नशीब ठरलं. १९५१ मध्ये सुरू झालेली 'आय लव्ह लुसी' प्रेक्षकांसमोर, तीन कॅमेऱ्यांनी, ३५ मिमी फिल्मवर काढली गेली. खर्च वाढला म्हणून मुख्य भूमिका करणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडप्याने मानधन कमी घेतलं आणि बदल्यात मालिकेची मालकी ठेवली. फिल्मवर असल्यामुळे ती आजही नव्याने स्कॅन करता येते. व्हिडिओ टेपवर झालेल्या मालिकांत मुळात जेवढ्या रेषा होत्या तेवढ्याच. त्या ताणून नवं काही हाती लागत नाही. शिवाय टेप महाग होती, म्हणून पुसून पुन्हा वापरली जाई. दुसऱ्या महायुद्धातल्या म्हाताऱ्या स्वयंसेवी शिपायांवरची 'डॅड्स आर्मी' (१९६८-७७) इतकी लाडकी, तरी तिच्या दुसऱ्या पर्वातले तीन भाग अजून सापडलेले नाहीत. एका भागाची केवळ कृष्णधवल फिल्म उरली होती. तिच्यावर उमटलेल्या रंगसंकेताच्या बारीक ठिपक्यांवरून मूळ रंग परत काढले आणि डिसेंबर २००८ मध्ये तो रंगीत दाखवला गेला. ठिपके उरले कारण संकेत गाळून घ्यायचं त्या वेळी कुणीतरी राहून गेलं होतं. निष्काळजीपणाचे असे उपकार क्वचितच होतात.

फिल्मवरच्या मालिका वाचल्या खऱ्या, पण एचडी होताना नव्या कात्रीखाली आल्या. ४:३ चं चित्र १६:९ भरेल असं कापलं तर उंचीतला २५ टक्के भाग जातो. २०१९ च्या नोव्हेंबरात एका नव्या स्ट्रीमिंग सेवेवर 'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेचे जुने भाग असे कापून आले. तीन वेगळ्या नावांच्या बिअर एकाच नळीतून येतात, हा विनोद होता. नळी चौकटीबाहेर गेली आणि उरल्या फक्त तीन टाक्या. ओरड झाली, आणि मे २०२० मध्ये मूळ चौकटीचा पर्याय मिळाला. २०२१ मध्ये दुसऱ्या सेवेवर 'सीनफेल्ड' ही विनोदी मालिका आली, तीही कापून. तिच्या १९९७ च्या एका भागाचं नावच रस्त्यातल्या खड्ड्यावरून आहे. पात्र खाली बघतं, खड्ड्याबद्दल वैतागतं, आणि खड्डा पडद्याच्या खालच्या कडेपलीकडे. या कापणीचं समर्थन असं की बाजूंना थोडं जास्तही दिसतं. दिसतं, हे खरं आहे. पण बाजूंना खड्डा नव्हता.

एक कापणी मात्र तक्रारीशिवाय चालू आहे. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीमागे लपत, म्हणून प्रसारणवाले महत्त्वाची अक्षरं आतल्या बाजूला ठेवत. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. सपाट पडद्याला त्याची गरज नाही, तरी बरेच टीव्ही कारखान्यातून तो चालू ठेवूनच येतात आणि चारही बाजूंनी थोडं-थोडं खातात. बंद करायचा पर्याय चित्राच्या आकाराच्या यादीत असतो, आणि प्रत्येक कंपनीने त्याचं नाव वेगळं ठेवलं आहे. काही टीव्हींवर त्या नावात चक्क 'फुल' हा शब्द आहे, आणि इथे त्याचा अर्थ खरोखरच पूर्ण चित्र असा होतो.