हृदयात सोडलेला सबमर्सिबल

मागे आमच्या नात्यातल्या एका काकांना मोठा हार्ट अटॅक आला. दुसऱ्या दिवशी घरच्या ग्रुपवर बातमी फिरली, "काकांना कृत्रिम हृदय बसवलंय." सगळ्यांनी धसका घेतला. प्रत्यक्षात काकांचं हृदय जागच्या जागी होतं आणि छातीला चाकूही लागला नव्हता. जांघेतल्या धमनीतून एक पंप वर सरकवत हृदयात नेऊन ठेवला होता, तोही चार दिवसांपुरता. त्या पंपाचं नाव इंपेला.

मोठ्या अटॅकनंतर काही रुग्ण कार्डिओजेनिक शॉकमध्ये जातात. ठोके पडतात, पण रक्त पुढे ढकललं जात नाही. बीपी उतरतं. बीपी उतरलं की हृदयाच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त कमी मिळतं आणि तो आणखी ढेपाळतो. औषधांनी ठोक्याचा जोर वाढवता येतो, पण ते दमलेल्या बैलाला पराणी टोचण्यासारखं आहे. बैल चार पावलं टाकतो, पण तेवढा जास्त दमतो.

त्यापेक्षा ओझंच उतरवलं तर?

इथे गोष्ट इजिप्तला जाते. रिचर्ड वॅम्पलर या अमेरिकी डॉक्टरांनी तिथल्या एका गावात लोक आर्किमिडीजच्या स्क्रूने नदीचं पाणी वर चढवताना पाहिले. नळीत मळसूत्र फिरवायचं, पाणी आपोआप वर. रक्त असंच का चढवू नये, हा विचार त्यांच्या डोक्यात बसला. त्यातून हिमोपंप तयार झाला आणि 1988 साली ह्यूस्टनच्या टेक्सास हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये तो पहिल्यांदा माणसात वापरला गेला. त्याची मोटर शरीराबाहेर होती. तिथून एक लवचीक केबल धमनीतून आत जायची आणि मिनिटाला 25,000 फेरे घेत पंप फिरवायची.

ज्यांच्या शेतात बोअर आहे त्यांना यातली अडचण लगेच कळेल. मोटर वर, पंप खाली आणि मधे फिरता लांब शाफ्ट असला की शाफ्टच आधी कुरकुरतो. बोअरवाल्यांनी त्यावर काढलेला उपाय म्हणजे सबमर्सिबल: मोटरच पंपाला जोडून खाली सोडायची. जर्मनीतल्या आखेनमधल्या इंजिनिअरांनी नेमकं तेच केलं. काही मिलिमीटर जाडीची मोटर बनवून त्यांनी ती पंपासकट हृदयापर्यंत पोचवली. तोच इंपेला.

त्याचं तोंड डाव्या जवनिकेत, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यात असतं. नळी महाधमनीच्या झडपेतून आरपार जाते आणि पंखा व मोटर महाधमनीत राहतात. जवनिकेतलं रक्त तोंडातून शिरतं आणि झडपेपलीकडे बाहेर पडतं. त्याचं सीपी हे मॉडेल फक्त 14 फ्रेंच (नळीची जाडी मोजायचं माप), म्हणजे पावणेपाच मिलिमीटरच्या आत जाड आहे. पंखा मिनिटाला 46,000 फेऱ्यांपर्यंत जातो. घरचा मिक्सर अठरा-वीस हजारांवर असतो. एवढ्याशा नळीतून मिनिटाला साडेतीन लिटरच्या वर रक्त जातं. निरोगी हृदय आरामात असताना सुमारे पाच लिटर ढकलतं.

मला सर्वांत आवडते ती मोटरीत रक्त शिरू न देण्याची युक्ती. फिरत्या दांड्याभोवती रक्त शिरलं तर गोठेल आणि मोटर अडकेल. एवढ्या वेगाला आणि एवढ्या जागेत रबरी सील टिकणं कठीण. म्हणून बाहेरून ग्लुकोजचं पाणी दाबाने मोटरीत सोडतात. ते फटीतून तासाला काही मिलीलिटर, म्हणजे थेंबाथेंबाने रक्ताच्या दिशेने बाहेर पडत राहतं. रक्ताला आत यायला वाटच मिळत नाही. दार लावायचं नाही, दारातून सतत वारा बाहेर सोडायचा.

पंप जवनिका रिकामी करत राहतो, म्हणून तिच्या भिंतीवरचा ताण घटतो आणि स्नायूला लागणारा ऑक्सिजन कमी होतो. महाधमनीतला दाब वाढतो, त्यामुळे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांत रक्त जास्त जातं. खर्च कमी, आवक जास्त. अटॅकने बधिर झालेला, पण जिवंत असलेला स्नायू अशा विश्रांतीत सावरू शकतो. मेलेला स्नायू मात्र कुठलंच यंत्र परत आणत नाही. "बंद पडलेलं हृदय जिवंत करणारा पंप" असे मथळे खोटे आहेत. आणि ब्लॉकेज विरघळवणाऱ्या काढ्यांच्या जाहिराती तर जीवघेण्या आहेत, कारण त्या नादात अँजिओप्लास्टीची वेळ निघून जाते.

पुरावा? 2024 साली या पंपाच्या डेंजर शॉक नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटनमधले 355 रुग्ण, सगळे मोठ्या अटॅकनंतर शॉकमध्ये गेलेले. 180 दिवसांत नेहमीच्या उपचारांच्या गटात 58.5 टक्के दगावले, पंपाच्या गटात 45.8 टक्के. फरक मोठा आहे. पण पंपाच्या गटात रक्तस्राव, पायाचा रक्तपुरवठा तुटणं आणि डायलिसिसची गरज, हे सगळं जास्त होतं. शिवाय पंख्याच्या वेगामुळे रक्तपेशी फुटतात. लघवी गडद चहासारखी झाली की डॉक्टर सावध होतात. म्हणून हा पंप सरसकट प्रत्येकाला लावायचा नाही.

बोअरला पाणी कमी पडलं तर पंप हवा ओढतो. इथे जवनिकेत रक्त कमी पडलं तर पंप तिची भिंतच ओढून घेतो आणि यंत्र कोकलतं. मग वेग उतरवायचा, पंपाची जागा तपासायची, गरज असेल तर सलाइन द्यायचं.

काकांचा पंप काढताना वेग पायरीपायरीने उतरवला. प्रत्येक पायरीवर थांबून बीपी पाहिलं, इको केला. मोटर मात्र अगदी शेवटपर्यंत चालू होती, कारण या पंपाला बोअरसारखा एनआरव्ही, म्हणजे उलटा प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह नसतो. झडपेत अडकलेली नळी बंद पडली, की तिच्यातूनच रक्त उलटं हृदयात येतं. म्हणून आधी नळी झडपेतून मागे ओढून महाधमनीत घेतली आणि मगच मोटर बंद केली.